बंबचाचांची गळती

आमच्या चाचांना सगळी वस्ती बंबचाचा म्हणते. पाणी तापवायचा तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना या नावाचं कारण सांगायला नको. पोटात निखारे, भोवती पाणी आणि बाहेरून कुठेही हात लावायची सोय नाही. चाचांचा धंदा नळदुरुस्तीचा, त्यामुळे पाण्याची व्यवस्था धंद्याने केली. निखारे ते जन्माला येतानाच घेऊन आले होते. माझे वडील, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, सांगायचे की हा जन्मला तेव्हा रडला नाही, सुइणीवर ओरडला.

चाचा कशावरही चिडू शकत. चप्पल उलटी पडली असेल तर चिडत, कुणी सरळ करून ठेवली तर माझ्या चपलेला हात का लावला म्हणून चिडत. पण त्यांचा खरा, खानदानी राग राखून ठेवलेला होता तो ठिबकणाऱ्या नळासाठी. एकदा आम्ही एका घरी दुखवट्याला गेलो होतो. घरातली कर्ती बाई गेलेली, नवरा भिंतीला टेकून बसलेला, सगळे माना खाली घालून गप्प. आणि आतल्या मोरीतून टप... टप... टप. चाचांच्या कपाळावरची शीर फुगताना मी पाहिली. मी त्यांचा सदरा धरला, पण बंब पेटला होता. ते उठले, मोरीत गेले, खिशातला पाना काढला (हा माणूस दफनालाही पाना घेऊन जातो), नळाचं मुंडकं उघडलं, वायसर उलटा बसवला आणि बाहेर येऊन त्या बिचाऱ्या विधुराला म्हणाले, "रडायचं तितकं रडा, पण नळ बंद करून रडा."

तो माणूस दचकला, मग हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच हसला, असं त्याच्या लेकीने नंतर सांगितलं. चाचांना मात्र तो का हसला याचाच राग आला.

आता असा माणूस मशिदीच्या वजूखान्यात काय करत असेल याची कल्पना करा. नमाजेआधी अंग पाक करायचं, त्याला वजू म्हणतात. हात धुवायचे, चूळ भरायची, नाकात पाणी घ्यायचं, तोंड धुवायचं, कोपरांपर्यंत हात, डोक्यावरून ओला हात आणि शेवटी घोट्यांपर्यंत पाय. केसाएवढी जागा कोरडी राहिली तरी वजू अपुरा. झालेला वजू टिकवायचा म्हणजे शरीराला ताब्यात ठेवायचं. लघवीचा थेंब आला, वारा सरला, वजू तुटला. मग रांगेत कितव्याही जागी उभे असा, निमूट मागे फिरायचं आणि पुन्हा नळापाशी बसायचं.

त्या वजूखान्यातला एकेक नळ चाचांनी बसवलेला. ते स्वतःचा वजू आटोपून पाय पुसत उभे राहत आणि बाकीच्यांचा तपासत. "कोपर! कोपर कोरडं राहिलं! ते काय भाड्याने आणलंय?" एक टॅक्सीवाला होता, सदा घाईत. तो पाण्यात हात बुडवायचा आणि बाहेर काढायचा, बस्स. त्याच्यावर तर चाचांचा विशेष लोभ. "हा वजू करतोय की विंचू चावलाय?" आणि त्याने घाबरून नळ मोठा सोडला की, "पाणी काय तुझ्या सासऱ्याचं आहे?" आवाज असा की रस्त्यापलीकडच्या बेकरीत गिऱ्हाईक आपलं कोपर तपासून बघायचं.

लोक हे सगळं सहन करत, कारण चाचांची जागा तशी होती. पहिली रांग, बरोबर इमामांच्या मागे. ही जागा हौसेची नाही. नमाज पढवताना खुद्द इमामांचाच वजू तुटला, तर त्यांनी मागच्या माणसाला पुढे ओढायचं आणि त्याने नमाज पुरी करायची, अशी रीत आहे. थोडक्यात, चाचा त्या मशिदीची स्टेपनी होते. आणि ही स्टेपनी एकदा प्रत्यक्ष लागली होती. जुन्या इमामांच्या नाकातून ऐन नमाजेत रक्त वाहू लागलं. रक्त वाहिलं की वजू गेला. त्यांनी एका हाताने नाक धरलं, दुसऱ्याने चाचांची बाही धरून पुढे ओढलं, आणि चाचांनी शब्दाचीही चूक न करता नमाज पुरी केली. ही गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली आहे की आता माझ्या नाकातून रक्त आल्यासारखं वाटतं. पण खरं सांगतो, दुकान, घर, मुली सुखात, यातल्या कशाचाही त्यांनी कधी अभिमान मिरवला नाही. अभिमान होता तो त्या चटईएवढ्या जागेचा.

मग त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं.

ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मला म्हणाले. चाचा समोर बसलेले असताना ते माझ्याकडे बघून बोलत होते, जणू चाचा मी दुरुस्तीला आणलेला पंखा होता. "पेशंटना थोडं लीकेज राहील. काही महिन्यांत थांबेल बहुतेक."

"पेशंट इथे आहे," चाचा म्हणाले. "आणि बहुतेक म्हणजे काय? मी गिऱ्हाइकाला सांगितलं, नळ बसवला, बहुतेक गळणार नाही, तर तो मला पैसे देईल?"

डॉक्टर हसले. चाचांना नव्हतं हसायचं.

ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या गळत्या थांबवल्या तो स्वतः गळू लागला. उठताना थेंब, वाकताना थेंब, शिंकलं तर विचारूच नका. नमाजेत तर सगळं वाकणं आणि उठणंच असतं. चाचांनी मशिदीत जाणं बंद केलं आणि गुडघा दुखतो असं जाहीर केलं. घरात पढू लागले. आम्ही शेजारीच राहतो, भिंत एकच. पलीकडून कळायचं सगळं. पाण्याचा आवाज, मग शांतता, मग "छट्!" आणि टोपी आपटल्याचा आवाज, मग पुन्हा पाणी. एका दुपारच्या नमाजेला ते इतक्यांदा मोरीत गेले की पुढच्या नमाजेची अजान झाली तरी आधीचीच चालू होती.

"परत?" चाचीचा आवाज.

"परत! तुला काय त्रास?"

"मला काय त्रास! पायजमे कोण धुतंय?"

शेवटी मीच इमामसाहेबांना घरी घेऊन आलो. हे नवे इमाम वयाने चाचांच्या धाकट्या लेकीएवढे, बोलणं हळू, स्वभाव लोण्यासारखा. चाचांनी मला बघून डोळे वटारले, त्यांना बघून गुडघा धरला.

"चाचा," इमामसाहेब म्हणाले, "गुडघ्याचं मला ठाऊक आहे."

"या गाढवाने सांगितलं?" गाढव म्हणजे मी.

"कुणी का सांगेना. याला शरियतमध्ये सोय आहे. एका नमाजेची वेळ सुरू झाल्यापासून ती संपेपर्यंत लक्ष ठेवायचं. त्यात वजू करून तेवढी फर्ज, म्हणजे सक्तीची, नमाज पढून होईल इतका कोरडा वेळ मिळतो का ते बघायचं. मिळाला तर त्या वेळात पढून घ्या. नाहीच मिळाला तर तुम्ही माजूर. म्हणजे अडचण आहे म्हणून माफी असलेला माणूस. मग प्रत्येक नमाजेच्या वेळेला एकदा वजू करायचा. त्या वेळेत त्या कारणाने कितीही गळलं तरी वजू शाबूत. वेळ संपली की नवा करायचा. टोपी आपटायची गरज नाही."

मला वाटलं चाचांच्या डोक्यावरून ओझं उतरेल. चाचांचा चेहरा मात्र तांब्यासारखा लाल झाला.

"म्हणजे गळत गळत उभा राहू? अल्लाहसमोर?"

"त्यानेच सोय दिली आहे, चाचा."

"मला नको सोय. मी काय लुळापांगळा आहे?" मग भिंतीकडे बघत, "आणि तुमच्या मागची जागा?"

इमामसाहेब खोटं बोलणारे नव्हते. "रांगेत तुम्ही कुठेही उभे राहा. तुमची नमाज पूर्ण आहे. फक्त धडधाकट लोकांची नमाज तुम्हाला पुढे होऊन पढवता येणार नाही."

"म्हणजे स्टेपनी पंक्चर," चाचा म्हणाले. "चहा पिऊन जा."

इमामसाहेब गेल्यावर चाचांनी ठरवलं की ते माजूर नाहीत. परीक्षा घ्यायची ना? मग पास होऊन दाखवायचं. आणि इथे त्यांनी ती चूक केली जी फक्त एक जातिवंत नळवालाच करू शकतो. लाइन गळत असेल तर पहिलं काम काय? मेन कॉक बंद करायचा. चाचांनी पाणी पिणं सोडलं.

आम्हाला पत्ता लागला नाही. चाची पेला भरून ठेवायची, तो रिकामा दिसायचा. चहाचा कपही रिकामा. दिवस कडक उन्हाळ्याचे, आम्ही मडकीच्या मडकी रिचवतोय, आणि हे ओठांवरून जीभही फिरवत नव्हते. खिडकीतल्या कुंड्या मात्र भलत्याच माजल्या. चाची कौतुकाने म्हणायची, यंदा मोगऱ्याला काय झालंय कळत नाही. मोगऱ्याला साखर घातलेला चहा मिळत होता, दुसरं काय होणार?

आणि चाचा पास झाले. एका दुपारी अजानेपासून पुढच्या अजानेपर्यंत ते खुर्चीत बसून स्वतःवर पहारा देत होते. थेंब नाही. दुसऱ्या दिवशी स्वच्छ कपडे, अत्तर, टोपी ताठ. मशिदीत शिरताच टॅक्सीवाल्याला म्हणाले, "घोटा! घोटा कोरडा!" वजूखान्यात सगळ्यांना कसं बरं वाटलं! चाचा परत आले. पहिल्या रांगेत, आपल्या जागेवर.

इमामसाहेबांनी सजदा केला, सगळ्यांनी कपाळं टेकली. सगळे उठले. चाचा उठले नाहीत.

पुढचं सगळं हॉस्पिटलात. मूत्रपिंडं सुकत आली होती, आत जंतू माजले होते, ताप डोक्यात चढला होता. त्या डॉक्टरांनी आता पहिल्यांदाच चाचांकडे बघून बोलायचं ठरवलं, तर चाचा शुद्धीवर नव्हते. शुद्धीवर आले तेव्हा हाताला सलाइन, खाली नळी, आणि खाटेच्या दांडीला लघवीची पिशवी लटकलेली. ती त्यांनी बराच वेळ न्याहाळली. धंद्यातला माणूस. "हा जोड कुणी बसवलाय? ढिला आहे," म्हणाले. आम्ही समजलो, जीव वाचला.

तिसऱ्या प्रहरी चाचीने कोरड्या मातीची वीट आणली, तयम्मुमसाठी. आजाऱ्याला पाणी चालत नसेल तर मातीवर हात टेकून तोंडावरून, हातांवरून फिरवले की वजूचं काम होतं. "घ्या. वेळ झालीय. पडल्या पडल्या खुणेने पढा."

चाचांनी पिशवीकडे बोट केलं. "ही लटकवून? डोळे आहेत का तुला? मुताची पिशवी बाजूला घेऊन नमाज? मी नाही पढणार. सगळं काढून टाकतील तेव्हा पढेन. पाक होईन तेव्हा पढेन."

आणि चाची भडकली.

चाचीचं मी आजवर वर्णन केलं नाही, कारण बंबाशेजारी कोण दिसतं? लहानखुरी बाई. चाचा ओरडले की ती भाजी निवडते. पण त्या दिवशी तिने ती वीट खाटेवर अशी आपटली की शेजारचा पेशंट, ज्याला डॉक्टरांनी हलायला बंदी केली होती, तो उठून बसला.

"पाक होईन तेव्हा पढेन! मोठे आले पाक! धाकटीच्या वेळी माझं अंगावरून जाणं थांबत नव्हतं, आठवतं? नाही आठवत, कारण विचारलंच नाहीत कधी! महिने गेले. दवाखाना झाला, दवा झाली, थांबेना. तेव्हा माझ्या खालाने, आईच्या बहिणीने, मला हाच नियम सांगितला. दर नमाजेला एकदा वजू, कापडाची घडी बदल, आणि उभी राहा. मी राहिले उभी. कडेवर तुमची लेक, चुलीवर तुमची भाकर, आणि अंगावरून रक्त. रक्त, समजलं? तुमच्यासारखे दोन थेंब नाही! मी टोपी आपटली? इमामाला घरी बोलवून सभा भरवली? पाणी पिणं सोडलं?"

"तू कधी बोलली नाहीस," चाचा म्हणाले.

"तुम्ही कधी गप्प बसलात?"

चाचा उशीत मागे सरकले. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून असं झालं नव्हतं.

"ज्या सोयीवर मी माझ्या नमाजा टिकवल्या, ती तुम्हाला हलकी वाटते," चाची म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता आणि तो जास्त भयंकर होता. "म्हणजे माझ्या त्या सगळ्या नमाजा नापाक होत्या, असंच ना? स्पष्ट म्हणा एकदा. म्हणा!"

सलाइन ठिबकत होतं. चाचांनी त्याकडेही पाहिलं नाही. विटेवर हात टेकले, तोंडावरून फिरवले, हातांवरून फिरवले, आणि पिशवी शेजारी तशीच लटकत असताना डोळ्यांच्या, मानेच्या खुणेने नमाज पढली. चेहऱ्यावर इतका राग होता की कुणाला वाटलं असतं हा माणूस अल्लाहशी भांडतोय. पण ती नमाज मधेच तुटली नाही.

मग पेलाभर पाणी मागून घेतलं आणि चाचीकडे बघत, घोटाघोटाला डोळे वटारत, संपवलं.

घरी आल्यावर नळी निघाली, थेंब राहिले. चाचा मशिदीत जाऊ लागले, पण शेवटच्या रांगेत, दाराशी, चपलांजवळ. आत घडी लावलेली, प्रत्येक वेळी नवा वजू. वजूखान्यात कुणाचंही कोपर कोरडं राहो, एक अक्षर नाही. पहिल्या रांगेतली त्यांची जागा रिकामी ठेवता येत नाही, रांगेत फट चालत नाही. तिथे सरकत सरकत कोण आला असेल? टॅक्सीवाला. तो जाता-येता चाचांना बघून ओशाळायचा आणि चाचा त्याला बघून छताकडे बघायचे. गुडघ्याची कथा चालूच होती. "गुडघा कसा आहे?" घड्याळं दुरुस्त करणारे त्यांचे लंगोटीयार रोज विचारत. "मोडला एकदाचा," असं उत्तर.

आणि एके दिवशी इमामसाहेब आले नाहीत. परगावी कुणाच्या दफनाला गेले होते, परतताना बस बंद पडली. तिसऱ्या प्रहराची वेळ, रांगा लागलेल्या, पुढे चटई रिकामी. सगळ्या माना सवयीने मागे वळल्या.

"चाचा, पुढे व्हा."

"नाही."

"अहो, वेळ चाललीय."

"मग दुसऱ्याला करा पुढे."

"तुम्ही असताना दुसरा? बरं दिसतं का ते?" हा शिंपी. वस्तीत सगळ्यात गोड बोलणारा माणूस, माप घेताना गिऱ्हाइकाची कंबर बारीक झाली असं सांगणारा. तो मागे आला आणि चाचांचं कोपर धरून ओढू लागला. "रुसलात का आमच्यावर? या, या."

"हात सोड."

"नाही सोडत."

"सोड म्हणतो ना!"

"अहो, गुडघा दुखत असेल तर हळू पढवा..."

"गुडघा नाही!" आणि बंब फुटला. "गळतो मी! कळलं? ऑपरेशन झाल्यापासून गळतोय! आता, तुझ्याशी बोलताना गळतोय! मी माजूर आहे, मला पढवता येत नाही! अजून कुणाला ऐकू आलं नसेल तर बेकरीत जाऊन सांगू?"

बेकरीत जायची गरज नव्हती, तिथपर्यंत ते पोचलं असणार. दारात चप्पल काढणारा एक जण दुसरी चप्पल हातात धरून तसाच उभा. शिंप्याने चाचांचं कोपर असं सोडलं जशी काही इस्त्रीच लागली.

कुणीतरी घसा साफ करून म्हणालं, "मग... घड्याळवाले, तुम्ही व्हा पुढे."

"मी? नको नको," घड्याळवाले म्हणाले. "माझा... गुडघा."

चाचांची मान वळली. "तुझा कधीपासून?"

"मग शिंपीभाई तुम्ही."

"मला खोकला आहे," शिंपी म्हणाला.

चाचांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आयुष्यभर भिंतीच्या बाहेरून आतली गळती ओळखलेला माणूस! "खोकला," ते म्हणाले. "खोकला की खोकल्याबरोबर येणारं?"

शिंप्याने मान खाली घातली. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हळूच खांबाचा आडोसा घेतला.

आता चाचांना सगळं समजलं आणि असा संताप चढला की मला वाटलं, यांना परत हॉस्पिटलात न्यावं लागणार. "अरे हराम..." मशिदीत उभे आहोत हे आठवून उरलेला शब्द त्यांनी दातांखाली चिरडला. "तुम्ही सगळे! मी तिकडे वाळून मरायला टेकलो, आणि तू, घड्याळ्या, माझ्या उशाशी बसून मोसंबी सोलत होतास! तेव्हा सांगता आलं नाही? एक शब्द? की बाबा, तू एकटा नाहीस? तोंड शिवलं होतं? या शिंप्याने शिवलं होतं?"

घड्याळवाल्यांचा आवाज मुळात घड्याळाएवढाच. पण तेही आता चिडले होते. लंगोटीयाराचा राग वेगळा, तो जुना असतो.

"कसा सांगणार? तुला? कोपर कोरडं राहिलं तर तू बेकरीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडतोस. हे कळलं असतं तर काय केलं असतंस? वजूखान्यात तुझ्यासमोर बसायची भीती वाटते मला. मी घरून वजू करून येतो, तुला ठाऊक आहे का? या वयात, घडी लावून, अख्खा रस्ता चालत. तुझ्यामुळे!"

चाचांचा राग आयुष्यात पहिल्यांदाच घरचा पत्ता शोधत फिरत होता आणि शेवटी स्वतःच्याच दारात येऊन थांबला.

वेळ खरंच चालली होती. चाचांनी रांगांवरून नजर फिरवली आणि बोट दाखवलं. "तू. हो, तूच, विंचू. हो पुढे."

टॅक्सीवाला एक पाऊल मागे सरकला. "चाचा, माझं पठण..."

"मला माहीत आहे तुझं पठण! ते आज सावकाश कर. मागे गाड्या लागलेल्या नाहीत. आणि तुझी ही जागा मोकळी होतेय तिथे..." चाचा शेवटच्या रांगेतून चालत आले, घड्याळवाल्यांना दंडाला धरून सोबत ओढलं, आणि पहिल्या रांगेत दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. खांबाआडच्या म्हाताऱ्याला त्यांनी नुसतं डोळ्यांनी बाहेर काढलं.

टॅक्सीवाल्याने नमाज पढवली. भीतीने इतकी सावकाश पढवली की चाचा नंतर म्हणाले, आज ही गाडी न्यूट्रलमध्ये चालली होती.

पुढचा आठवडा मशिदीच्या कमिटीसाठी वाईट गेला. चाचा रोज जाऊन भांडत. वजूखान्यात दगडी बैठका आहेत, नळ आहेत, पण म्हाताऱ्या माणसाने घडी बदलायची कुठे? दार लावायची सोय कुठे आहे? कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, अशा गोष्टी उघड बोलायच्या नसतात. त्यावर चाचांनी त्यांना विचारलं, "तुमचा खोकला कसा आहे?" आणि अध्यक्षांनी तिथल्या तिथे मंजुरी दिली.

चाचांनी ती खोली स्वतः बांधून घेतली. लहानशी आहे. आतून कडी, भिंतीला पकडायला दांडी, कोमट पाण्याचा नळ, हाताचा फवारा, कपडे अडकवायला खुंटी, झाकणाची बादली. वायसर असा बसवलाय की एक थेंब गळत नाही. बायकांच्या बाजूलाही तशीच एक केली, आणि ती आधी केली. चाचीने जाऊन पाहिली, दांडी ओढून बघितली, आणि "खुंटी उंच झालीय" एवढंच म्हणाली. चाचांनी चिडून खुंटी काढली आणि चिडून खाली लावली.

बंब अजून थंड झालेला नाही. टॅक्सीवाल्याचं कोपर अजून कोरडं राहतं आणि ते अजून बेकरीत ऐकू जातं. पण त्या खोलीचं दार लागलेलं असलं की चाचा दाराजवळ जातात, दोन्ही हात तोंडाभोवती धरतात, आणि मी आजवर कुणालाही करताना पाहिलं नाही अशी एक गोष्ट करतात: कुजबुजत ओरडतात.

"घड्याळ्या! आत बसून थेंब मोजू नकोस! एकदा केलास ना वजू? झाला! ये बाहेर!" आणि मग, कपाळाची शीर टच्च फुगवून, त्याहून हळू, "आणि सकाळपासून पाणी प्यायलास का, ते सांग आधी."